कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग सुजेची टेस्ट कशाला?

प्रश्न: बाबांचं कोलेस्टेरॉल गोळ्यांनी आटोक्यात आहे तरी डॉक्टरांनी सीआरपी (शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) ही टेस्ट करायला सांगितलं. सुजेचा हार्टशी काय संबंध?

उत्तर: खूपच जवळचा. धमनीच्या भिंतीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) शिरलं की मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी ते गिळून फुगतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा सुजेचा सिग्नल देणारा रेणू सोडतात, त्या सिग्नलवर अजून पेशी गोळा होतात, इंटरल्युकिन-६ हा तसाच दुसरा रेणू वाढतो, लिव्हर सीआरपी बनवतं आणि इकडे प्लाकवरचं (धमनीत साचलेल्या चरबीच्या थरावरचं) कवच पातळ होत जातं, ते फाटलं की रक्ताची गुठळी आणि अटॅक. २०१७ च्या कॅन्टॉस ट्रायलमध्ये इंटरल्युकिन-१ बीटाचा हाच सिग्नल अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने कोलेस्टेरॉल न उतरवता अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्के कमी केले, पण जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) बंद करू नका हं, त्यानेही सूज उतरते. आणि तापात सीआरपी करू नका, आकडा फसवा येतो.