वाचकांचे प्रश्न : खिळ्यांपासून ठिपक्यांपर्यंत आलेला प्रिंटर

प्रश्न : संगणकाचे पहिले प्रिंटर कसे होते आणि त्यांचे आजचे प्रकार कसे घडत गेले? इंकजेट आणि लेझर प्रिंटर असताना काही कार्यालयांत कर्कश आवाज करणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून का दिसतात?

उत्तर : यंत्राने केलेले गणित यंत्रानेच छापावे, ही कल्पना आजच्या संगणकापेक्षाही जुनी आहे. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी एकोणिसाव्या शतकात आखलेल्या ‘डिफरन्स इंजिन’ या गणनयंत्रामध्ये छपाईची सोय होती, कारण त्या काळच्या गणिती कोष्टकांतील अनेक चुका आकडे उतरवून घेताना आणि छपाईचे खिळे (धातूचे अक्षर-ठसे) जुळवताना होत असत.

संगणकयुगाच्या सुरुवातीचे प्रिंटर तयार अक्षरांचे खिळे कागदावर उमटवणारेच होते. १९५९ मध्ये आलेला आयबीएम १४०३ हा त्यांतील सर्वांत नावाजलेला. त्यात अक्षरांची एक साखळी कागदासमोरून सतत वेगाने फिरत असे आणि हवे ते अक्षर योग्य जागी येताच मागचा छोटा हातोडा कागदाला शाईच्या फितीवर आणि अक्षरावर दाबत असे. एका ओळीत १३२ अक्षरे आणि मिनिटाला ६०० ओळी हा त्याचा वेग आजही थक्क करतो. पण जे अक्षर साखळीवर नाही ते त्याला छापता येत नसे. आकृती तर दूरच, वेगळ्या लिपीसाठीही साखळीच बदलावी लागे.

प्रिंटरच्या इतिहासातील खरे वळण, माझ्या मते, लेझरचे नसून त्याआधीचे आहे : अक्षर हा अखंड ठसा न मानता ठिपक्यांचा समूह मानला गेला, तेव्हा ते आले. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या डोक्यात बारीक पिनांची उभी रांग असते आणि विद्युतचुंबकांच्या साहाय्याने त्यांतील नेमक्या पिना शाईच्या फितीवर आपटतात. १९७० मध्ये सेंट्रॉनिक्स कंपनीचा प्रिंटर आणि १९८० मध्ये एप्सन कंपनीचा एमएक्स-८० आल्यावर ही पद्धत सर्वत्र रुळली. सुरुवातीच्या ७ किंवा ९ पिनांच्या जागी पुढे २४ पिना आल्या आणि अक्षरे बरीच सुबक झाली. शिरोरेघ, मात्रा आणि जोडाक्षरे असलेल्या देवनागरीसारख्या लिपीला या बदलाचे मोल विशेष आहे, कारण धातूचा एकही नवा खिळा न पाडता कोणताही आकार छापणे आता केवळ योग्य आज्ञावलीचे काम उरले.

हे प्रिंटर अजून टिकून आहेत ते त्यांच्या आघातामुळे. एकाखाली एक ठेवलेल्या कार्बन प्रतींवर एकाच वेळी मजकूर उमटवायचा असेल, तर कागदावर जोर पडावाच लागतो. इंकजेट आणि लेझर यांना ते जमत नाही. शिवाय जाड पासबुकासारख्या वस्तूंवर छापण्यासाठी या पद्धतीची खास यंत्रे मिळतात आणि फितीची शाई एकाएकी न संपता हळूहळू फिकी होत जाते.

लेझर प्रिंटरची मुळे झेरॉक्सच्या पद्धतीत आहेत. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये स्थिर विद्युत आणि भुकटी वापरून कोरडी प्रत काढून दाखवली. मूळ कागदाच्या प्रतिमेऐवजी संगणकाच्या आज्ञेनुसार चालू-बंद होणारा लेझर किरणच यंत्रातील ड्रमवर (फिरत्या नळकांड्यावर) चित्र रेखाटू शकेल, हे गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्स कंपनीत काम करताना सिद्ध केले. अंधारात ड्रमच्या पृष्ठभागावर विद्युतभार टिकून राहतो. फिरत्या आरशावरून आलेला किरण जिथे पडतो तिथला भार नाहीसा होतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी टोनरची भुकटी चिकटते. ती कागदावर ओढली जाते आणि तापलेल्या रोलरखाली वितळून पक्की होते. ताजे छापलेले पान हाताला गरम लागते ते यामुळेच.

इथे अडचण प्रिंटरच्या स्मृतीची (मेमरीची) होती. इंचाला ३०० ठिपके धरले, तर ए-४ आकाराच्या एका पानावर सुमारे ८७ लाख ठिपके येतात आणि किरण मध्येच थांबवता येत नसल्याने पानाचा तपशील वेळेवर हाताशी असावा लागतो. १९८४ च्या एचपी लेझरजेटमध्ये मजकूर उत्तम येई, पण त्याच बारकाईने पूर्ण पानाचे चित्र छापण्याइतकी स्मृती नव्हती. पुढच्याच वर्षी ॲपलने आणलेल्या लेझररायटरमध्ये ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा होती; त्या वर्णनावरून ठिपके प्रिंटरलाच तयार करावे लागत, म्हणून त्यातील प्रोसेसर त्याला जोडल्या जाणाऱ्या मॅकिंटॉश संगणकातील प्रोसेसरपेक्षा वेगवान होता.

इंकजेटमध्ये शाईचे अतिसूक्ष्म थेंब छिद्रांतून थेट कागदावर फेकले जातात. कॅनन आणि एचपी यांनी शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या दाबाने थेंब बाहेर ढकलण्याची पद्धत स्वतंत्रपणे शोधली; एप्सनने विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकाचा मार्ग धरला.

प्रश्न : माझा इंकजेट प्रिंटर क्वचितच वापरला जातो, तरी शाई संपते आणि छपाईत पांढरे पट्टे येतात. असे का?

उत्तर : छिद्रे इतकी बारीक असतात की त्यांतील शाई वाळताच ती बुजतात. ती मोकळी करण्यासाठी प्रिंटर स्वतःच शाई सोडून सफाई करतो आणि तुमची बरीच शाई तिथे खर्च होते. प्रिंटर भिंतीवरील बटणाने बंद न करता त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, म्हणजे छपाईचे डोके झाकणाखाली जाऊन बसते. अधूनमधून एखादे रंगीत पानही काढत राहावे. काम तुरळक आणि केवळ मजकुराचे असेल, तर काळ्या टोनरचा लेझर प्रिंटर निःसंशय बरा, कारण भुकटी वाळण्याचा प्रश्नच येत नाही. छायाचित्रांसाठी मात्र इंकजेटच घ्यावा.

प्रश्न : दुकानातील पावतीवरची अक्षरे काही महिन्यांत का उडून जातात?

उत्तर : त्या पावतीवर शाई नसतेच. कागदावर रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारे आम्लधर्मी द्रव्य यांचा थर असतो. थर्मल प्रिंटरचे डोके जिथे उष्णता देते तिथे दोहोंचा संयोग होऊन काळा रंग उमटतो. प्रकाश, उष्णता आणि प्लास्टिकच्या पाकिटातील काही द्रव्ये यांमुळे तो पुन्हा फिका होतो. हमीसाठी जपायच्या पावतीची लगेच छायाप्रत काढावी. तिला गरम लॅमिनेशन मात्र करू नये, कारण त्या उष्णतेने सगळा कागदच काळा पडतो.