वाळवंटातल्या शहरात मायनर लीगची आईस हॉकी टीम चालू शकते का?

तुम्ही विचारलंय की फिनिक्ससारख्या मोठ्या शहरात एनएचएलची (म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आईस हॉकीच्या सगळ्यात वरच्या लीगची) टीम, कायोटीज, टिकली नाही, २०२४ ला गाशा गुंडाळून सॉल्ट लेक सिटीला गेली, मग वाळवंटातल्या त्याहून लहान गावात खालच्या लीगची टीम कशी काय चालणार, आणि मुळात ४४ डिग्रीच्या गावात बर्फावरचा खेळ हा वेडेपणा नाही का. मी ॲरिझोनात टूसॉनला राहतो, इथे एएचएलची (एनएचएलच्या खालच्या लीगची) टीम आहे, रोडरनर्स, आणि मी त्यांच्या मॅचना नेमाने जाणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा. तर उत्तर हो, चालते. आणि जिथे बुडाली तिथे उन्हाने बुडाली नाही, बिल्डिंग दुसऱ्याची होती म्हणून बुडाली.

उन्हाचं आधी उरकून टाकू. हॉकीचा सीझन ऑक्टोबरला सुरू होतो आणि लीगच्या मॅच एप्रिलमधे संपतात, म्हणजे इथे जे चार-सहा महिने माणसासारखं जगता येतं नेमके तेच. जानेवारीत दुपारी १८-१९ डिग्री असतं, रात्री बऱ्यापैकी गारठा. ॲरेनाच्या आत काँक्रीटच्या स्लॅबमधे पाईपांचं जाळं असतं, त्यातून शून्याच्या बऱ्याच खालचं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल फिरवतात आणि वर पाण्याचे पातळ पातळ थर देत देत जेमतेम इंच-सव्वा इंच बर्फ धरवतात. बर्फाला कोरड्या उन्हापेक्षा दमट हवा जास्त नडते, बर्फावर धुकं धरतं, दव बसतं, वरचा थर मऊ पडतो. आमच्याकडे हवा सणसणीत कोरडी, दमट काय ते जुलै-ऑगस्टमधे (इथे पण त्याला मॉन्सूनच म्हणतात) आणि तेव्हा सीझनच नसतो. विजेचं बिल येतं, कूलिंग टॉवरमधून पाणी उडून जातं आणि या भागात पाणी हा नाजूक विषय आहे, ते मान्य. पण बर्फ होतो आणि टिकतो. १९९१ च्या सप्टेंबरमधे लास व्हेगासला सीझर्स पॅलेसच्या पार्किंगमधे, उघड्यावर, किंग्ज आणि रेंजर्स या एनएचएलच्या टीमची प्रदर्शनी मॅच झाली होती, हॉकीतला दिग्गज ग्रेट्झकी खेळला होता, रात्री टेंपरेचर तिशीच्या आसपास, तरी बर्फ टिकला. वैताग दिला तो टोळांनी, दिव्यांच्या उजेडाला भुलून बर्फावर येऊन पडत होते.

आता पैशाचं, कारण खरा प्रश्न तिथे आहे. मायनर लीग म्हणजे सगळं एकच नाही. एएचएल ही एनएचएलच्या लगेच खालची, ३२ टीम, प्रत्येक टीम एकेका एनएचएल टीमशी बांधलेली, आणि बहुतेक खेळाडूंचा पगार वरची टीम देते. लोकल मालकाच्या गळ्यात ॲरेना, मार्केटिंग, ऑफिसचा स्टाफ वगैरे राहतं. त्याखालची ईसीएचएल, तिथे खेळाडूंना आठवड्याच्या हिशोबाने पगार, त्यांच्या राहण्याची सोय टीमने करायची, प्रवास बसने, आणि यातला बराचसा बोजा टीमवर. वाळवंटात हा फरक फार जाणवतो कारण इकडे शहरं एकमेकांपासून लांब लांब आहेत. ईस्टला बसमधे बसलं की दोन तासांत दुसरं गाव येतं, इथे दोन तासांनी फार तर पेट्रोल पंप येतो. जवळपास खेळायला कोणी नसेल तर एकटी टीम कितीही चांगली असली तरी प्रवासाच्या खर्चात संपते. २०१५ मधे एएचएलने एका फटक्यात कॅलिफोर्नियात पाच टीम आणल्या, बेकर्सफील्ड, ऑन्टॅरिओ (हे कॅलिफोर्नियातलं बरं का), सॅन डिएगो, सॅन होजे आणि स्टॉकटन, तेव्हा कुठे इकडच्या गावांना खेळायला शेजारी मिळाले. पुढच्या वर्षी टूसॉनचा नंबर लागला तो त्यामुळेच.

बुडालेल्यांची यादी बघितली की मी काय म्हणतोय ते कळेल. लास व्हेगासला १९९३ मधे थंडर नावाची टीम आली, आयएचएल नावाच्या तेव्हाच्या मायनर लीगमधे, युनिव्हर्सिटीच्या थॉमस अँड मॅक सेंटरमधे खेळायची. यशीन, बॉन्क असली मोठी नावं तिथे खेळून गेली. १९९९ ला बंद. का, तर युनिव्हर्सिटीने लीज वाढवून दिलं नाही, त्यांचा जीव बास्केटबॉलमधे. मग २००३ ला रँगलर्स आले, ईसीएचएलमधे, ऑर्लीन्स कसिनोच्या ॲरेनात. यांचं डोकं भन्नाट चालायचं, कसिनोत शिफ्ट करणाऱ्या लोकांना बघता यावी म्हणून चक्क मध्यरात्री मॅच ठेवायचे, आणि उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनीच्या हातून शिकारीत माणसाला छर्रे लागले त्यावरून शिकारीच्या जॅकेटसारखी जर्सी घालून खेळले होते. दोनदा फायनलला गेले, २००८ आणि २०१२. २०१४ ला त्यांचं पण लीज संपलं, पुढे मिळालं नाही, एका हॉटेलच्या गच्चीवर रिंक बांधायचा प्लॅन काढला तो बारगळला, टीम संपली. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने घरात मॉड्युलर किचन करून घ्यावं तसली ही गत, सगळं छान मांडलं तरी घरमालकाचा मुलगा अमेरिकेहून परत आला की निघा.

आणि तुम्ही ज्या कायोटीजचं उदाहरण दिलंत त्यांची गोष्ट पण हीच आहे, फक्त आकडे मोठे. १९९६ ला विनिपेगहून फिनिक्सला आले ते बास्केटबॉलसाठी बांधलेल्या ॲरेनात, तिथे हजारो सीट अशा की एका बाजूचा गोलच दिसायचा नाही. मग २००३ ला ग्लेंडेलला गेले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. २००९ मधे दिवाळखोरी. मग ग्लेंडेलने लीज पुढे द्यायचं नाही म्हणून सांगितलं, मग फिनिक्सजवळच्या टेंपीला युनिव्हर्सिटीच्या साधारण ४६०० सीटच्या ॲरेनात एनएचएलची टीम दोन सीझन खेळली, २०२३ च्या मे महिन्यात टेंपीच्या मतदारांनी नव्या ॲरेनाचा प्रस्ताव पाडला, आणि पुढच्या वर्षी खेळ खलास. यात ऊन कुठे आहे सांगा. बरं, गेले कुठे, तर सॉल्ट लेकला, ते काही चेरापुंजी नाही! याच काळात स्कॉट्सडेलमधे वाढलेला, लहानपणी कायोटीजच्या मॅच बघून नादाला लागलेला ऑस्टन मॅथ्यूज २०१६ च्या एनएचएल ड्राफ्टमधे (टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) पहिला निवडला गेला. म्हणजे वाळवंटात पोरं खेळत नाहीत, बघत नाहीत हा मुद्दा पण गेला.

टूसॉनला पण रोडरनर्स ही काही पहिली टीम नाही. १९९७ ला गिला मॉन्स्टर्स म्हणून टीम आली होती, ती दुसऱ्या सीझनच्या मधेच बंद पडली. त्या आधी सत्तरच्या दशकातले प्रयोग पण फसले. गंमत म्हणजे त्याच काळात युनिव्हर्सिटीच्या पोरांची क्लब टीम मात्र आता रोडरनर्स खेळतात त्याच कन्व्हेन्शन सेंटरमधे गर्दी खेचत होती, जुने टूसॉनकर अजून त्या आईसकॅट्सच्या गोष्टी सांगतात. म्हणजे बघणारे लोक होते, पण पगार देऊन टीम चालवणारा टिकत नव्हता. २०१६ मधे कायोटीजने मॅसॅच्युसेट्समधली स्प्रिंगफील्डची टीम विकत घेऊन इकडे आणली तेव्हा हिशोब सरळ होता, फिनिक्स इथून जेमतेम दोन तास, सकाळी फोन आला की पोरगा संध्याकाळी एनएचएलमधे खेळायला हजर. रिओ नुएवो म्हणून डाउनटाउन सुधारायला टॅक्सच्या पैशातून चालणारी संस्था आहे, तिने ॲरेनाच्या डागडुजीला पैसे दिले. दुसऱ्याच सीझनला, २०१७-१८ मधे, टीमने लीगमधला आपला गट, पॅसिफिक डिव्हिजन, जिंकला.

मॅचला लोक कोण येतात ते बघण्यासारखं असतं. माझ्या रांगेत एक रिटायर्ड जोडपं बसतं, मिनेसोटाचं, थंडी सुरू झाली की इकडे येतं आणि वसंतात परत जातं, त्यांना प्रत्येक ऑफसाईड रेफरीच्या आधी दिसतो. मागे मेक्सिकन-अमेरिकन कुटुंब, आजीपासून नातवापर्यंत सगळे, आजींना नियम फारसे माहीत नाहीत पण मारामारी सुरू झाली की सगळ्यात आधी त्या उभ्या राहतात. मधल्या ब्रेकमधे फोमच्या चकत्या विकत घेऊन बर्फाच्या मध्यावर नेम धरून फेकायच्या, ज्याची जवळ पडेल त्याला बक्षीस. डिसेंबरच्या सुमाराला एक मॅच अशी असते की आपल्या टीमचा पहिला गोल झाला की सगळ्यांनी आणलेले टेडी बेअर बर्फावर फेकायचे, मग ते गोळा करून गरजू मुलांना देतात. गोल होतो आणि एकदम चारी बाजूंनी अस्वलांचा पाऊस, खेळाडू हसत हसत ती ढकलत कडेला नेतात, मॅच बराच वेळ थांबते आणि कोणाचीच तक्रार नसते. स्कोअर काय होता हे पोरांना दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आपलं अस्वल कुठे पडलं ते आठवतं. मायनर लीगचं तिकीट विकलं जातं ते असल्या गोष्टींवर, कारण चांगला खेळाडू तुम्ही ओळखायला लागेपर्यंत वर गेलेला असतो. बाकी हे सगळं शुक्रवार-शनिवारचं. मंगळवार-बुधवारच्या मॅचला या, इतक्या खुर्च्या रिकाम्या असतात की बर्फावर खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते ऐकू येतं.

खरंखुरं यश बघायचं असेल तर कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्सच्या बाजूला बघा. कोचेला व्हॅली फायरबर्ड्स, सिॲटल क्रॅकनची एएचएल टीम. ॲरेना तयार नव्हता म्हणून २०२२ च्या सीझनचे पहिले दोन महिने टीमला घरच नव्हतं, डिसेंबरात ॲरेना उघडला, सुमारे १०,००० सीटचा, आणि त्याच सीझनला टीम थेट कॅल्डर कपच्या, म्हणजे एएचएलच्या चॅम्पियनशिपच्या, फायनलला. हर्शी बेअर्सविरुद्ध सातवी मॅच, घरच्या बर्फावर, २१ जून २०२३, बाहेर वाळवंटातला जून, आत ओव्हरटाईम, आणि हरले. पुढच्या वर्षी परत फायनल, परत हर्शी, परत हरले. तिथली असिस्टंट कोच जेसिका कॅम्पबेल २०२४ ला सिॲटलला गेली आणि एनएचएलमधली पहिली पूर्णवेळ महिला असिस्टंट कोच झाली. मालिका दोनदा हरूनसुद्धा लोक हटले नाहीत, तिकडची गर्दी लीगमधल्या चांगल्या गर्दींमधे मोजली जाते.

हे का जमलं? एक तर ॲरेना बांधणारी कंपनी आणि टीमची मालक कंपनी एकच, ओक व्ह्यू ग्रुप. म्हणजे लीज नाकारणारं कोणी नाही, मॅच नसेल त्या दिवशी मोठमोठ्या गायकांचे कॉन्सर्ट लावतात, ते पैसे पण त्याच खिशात, आणि बाजूलाच पब्लिकसाठी रिंक आहे तिथे पोरं शिकतात. दुसरं गिऱ्हाईक. त्या भागाचा टूरिस्ट सीझन हिवाळ्यात, कॅनडातले आणि नॉर्थचे हजारो रिटायर्ड लोक बर्फ टाळायला तिथे येऊन राहतात, पैसा आहे, संध्याकाळ मोकळी आहे, हॉकी रक्तात आहे. घरचा बर्फ चुकवून इथे तिकीट काढून बर्फ बघायचा, असा सगळा मामला. व्हेगासच्या शेजारच्या हेंडरसनचं पण तसंच जमलंय, तिथे एनएचएलवाल्या गोल्डन नाईट्सच्या मालकाचीच एएचएल टीम आहे, वरची टीम गाडीने अर्ध्या तासावर आणि २०२२ पासून हॉकीच्या मापाचा छोटा ॲरेना. छोटा हे महत्त्वाचं. १८,००० च्या ॲरेनात ४,००० लोक बसले तर स्मशानकळा येते, ६,००० च्या ॲरेनात तेच ४,००० जत्रा वाटतात.

नुसतं जिंकून मात्र भागत नाही. टेक्ससमधल्या एल पासोच्या बझर्ड्सनी १९९७ आणि ९८ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या लीगची चॅम्पियनशिप मारली, २००३ ला दुकान बंद. आता तिथे ऱ्हाइनोज म्हणून ज्युनियर टीम आहे, खेळाडू हौशी, पगाराचा प्रश्न नाही, आणि ती छान चाललीये. लहान गावाला हा रस्ता जास्त झेपतो असं माझं मत.

टूसॉनचं पुढे काय, तर मला थोडी धाकधूक आहे. कायोटीज गेल्यापासून रोडरनर्स युटाशी, म्हणजे सॉल्ट लेकच्या त्या टीमशी, जोडलेत, म्हणजे दोन तासांवर वरची टीम हा जो मूळ मुद्दा होता तोच गेला. २०२४ ला मालकाने टीम टेंपीला न्यायचं बोलून दाखवलं होतं, इथे बरीच ओरड झाली, शेवटी टीम राहिली पण काही होम मॅच टेंपीला खेळल्या. मालक म्हणजे कायोटीजचा शेवटचा मालक मेरुएलो, त्याचा नेवाडातल्या रेनोमधे कसिनो आहे आणि तिथे नव्या ॲरेनाचा प्लॅन त्याने जाहीर केलेला आहे. स्वतःची बिल्डिंग बांधायला निघालेला माणूस भाड्याच्या जागेत किती दिवस राहील हा हिशोब तुम्हीच करा. तेव्हा हिवाळ्यात इकडे येणं झालं तर शुक्रवार-शनिवारचं तिकीट काढा, कोपऱ्यात काचेजवळच्या सीट घ्या, आणि बाहेर हाफ शर्टात फिरत असलात तरी स्वेटर बरोबर ठेवा, आत कुडकुडायला होतं.