नोकरी सोडायची की सासूबाईंचं व्याज वापरायचं?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सासूबाई ७८ वर्षांच्या, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेला. पहाटे तीनला उठून गंगावेशीत दूध घालायला निघतात. चार वर्षं तुम्हाला सलग झोप नाही, म्हणून २२,००० ची नोकरी सोडायचं मनात आहे. नाहीतर दर तीन महिन्यांनी आठ दिवस त्यांना केअर सेंटरमध्ये ठेवायचं, दिवसाला १,५०० रुपये. त्यावर नणंदबाई म्हणतात, "आईचे पैसे मोडून आईलाच बाहेर ठेवणार?"

नोकरी सोडू नका. वर्षाचे २,६४,००० जातील हे तर आहेच. पण तुमचा पीएफ कापायला लागून आठ वर्षं झालीत आणि पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत (ईपीएस) पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. एवढ्या जवळ येऊन हक्क सोडायचा?

आता सेंटरचा हिशेब. आठ दिवसांचे १२,०००. सासूबाईंचे १२ लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, ८.२ टक्क्यांनी. तिमाहीला २४,६०० व्याज येतं. म्हणजे मुद्दलाला हात लागत नाही; निम्म्या व्याजात भागतं, उरलेल्यात औषधं, डायपर. नणंदबाईंना हे कागदावर मांडून दाखवा. तरी पटलं नाही, तर ते आठ दिवस आईला त्यांच्याकडे न्या म्हणावं. गमतीनं लिहीत नाही, त्याही पोटच्याच आहेत.

मेडिक्लेमच्या भरवशावर मात्र राहू नका. काळजी घेणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून रुग्णाला ठेवलं, तर तो खर्च पॉलिसीत साधारणपणे वगळलेलाच असतो.

मला खरी धास्ती सहीची वाटते. व्याज जमा होईल, पण उद्या सही जुळली नाही तर काढणार कोण? डॉक्टरांच्या मते त्यांना अजून व्यवहार समजत असेल, तर याच महिन्यात मुलासोबत संयुक्त बचत खातं उघडा, दोघांपैकी कुणाच्याही सहीनं पैसे निघतील असं, आणि व्याज त्यात वळवून घ्या. कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की तेही संपतं. मग त्यांच्या वतीनं व्यवहार बघणारा पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच आहे, मुंबईची खेप वाचेल. वकिलाची फी काही वाचणार नाही.

पहिल्या खेपेला आठ नको, दोनच दिवस ठेवा. जागा बदलली की ही माणसं जास्त गोंधळतात. डिपॉझिट परत मिळतं का, डायपर-औषधांचे वेगळे लावतात का, हे आधी विचारा. आणि पहाटेच्या दुधाचं रात्रपाळीच्या मावशींच्या कानावर घालून ठेवा.