तुमच्या घराजवळ कधी विमान कोसळलं आहे का? त्या दिवसाचं तुम्हाला काय आठवतं?

हो. २६ एप्रिल १९९३, सोमवार. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. मी अकरा वर्षांचा होतो. चिकलठाण्याच्या विमानतळाच्या पूर्वेला शेतात आमची वस्ती होती.

दुपारचं मुंबईचं विमान हे आमच्या घरचं घड्याळ होतं. दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर करत ते आमच्याकडे यायचं आणि एकच्या सुमारास मुंबईला निघायचं. ते वर चढलं की आई बांधावर येऊन हाक मारायची, "इमान गेलं, जेवायला या." वडील, म्हणजे आमचे दादा, आणि चुलते तेवढ्यावर औतं सोडायचे.

त्या दिवशी आवाज आला, पण वर गेला नाही. एरवी तो कानठळ्या बसवत जवळ येतो, मग चढतो आणि हळूहळू पातळ होतो. हा जमिनीला धरूनच राहिला. मी ओसरीवर पडलो होतो. आधी लाइट गेली. त्या दिवसांत लाइट कधीही जायची, त्यामुळे पंखा थांबल्याचं कुणालाच काही वाटलं नाही. पण पंख्याची पाती पुरती थांबायच्या आत धडाका झाला आणि पत्रे हादरले. विमान उच्चदाबाच्या तारांना धडकून खाली आलं होतं, हे नंतर कळलं. आजही लाइट गेली की मी क्षणभर कान देतो. ही सवय सुटलेली नाही.

कुणीतरी ओरडत आलं, "इमान पडलं, पळा!" दादा अनवाणी धावले. बायांनी पाण्याच्या कळश्या उचलल्या, पोरांनी गोधड्या. चुलत्यांनी दारातली बाज खांद्यावर घेतली. तेव्हा मला ती कशाला, ते समजलं नाही. आम्हा मुलांना आजीने बांधापलीकडे जाऊ दिलं नाही, त्यामुळे मी विमान पाहिलेलं नाही, फक्त धूर पाहिला. काळा, जाड, आणि वारा नसल्यामुळे सरळ वर जाणारा. खूप पाहिल्यासारखं मी कधी सांगितलं असेल तर ते ऐकलेलं होतं. इतक्या वर्षांत ऐकलेलं आणि पाहिलेलं एकमेकांत मिसळतं, म्हणून इथे वेगळं करून लिहितोय.

बाज परत आली नाही. जखमींना मिळेल त्या गाडीत घालून घाटीत, म्हणजे शहरातल्या सरकारी दवाखान्यात, नेलं, तिकडेच कुठेतरी ती राहिली असावी. आमच्या घरात कुणी तिचा विषय काढला नाही. दादा रात्री आले आणि न जेवता झोपले.

विमानात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. ५५ जण गेले, ६३ वाचले. माणसं सांगताना पहिलाच आकडा सांगतात. मला दुसराही सांगावासा वाटतो, कारण त्या ६३ जणांतल्या काहींना आमच्या माणसांच्या हातचं पाणी मिळालं होतं.

दीडेक महिन्यापूर्वी, १२ मार्चला, मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. त्यामुळे पहिल्या तासाभरात सगळीकडे 'बॉम्ब' हाच शब्द होता. संध्याकाळपर्यंत दुसरी गोष्ट पसरली: ट्रक आडवा आला. कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक विमानाच्या वाटेत आला, त्याला विमान धडकलं. पारावर, शाळेत, एसटीत, सगळीकडे हेच. आम्ही मुलं तर त्याचा खेळसुद्धा खेळलो. एकाने हात पसरून पळायचं, दुसऱ्याने आडवं यायचं. आडवं येणाऱ्याला सगळ्यांनी मारायचं.

त्या खेळाची मला आज लाज वाटते. त्याचं कारण सांगतो, आणि खरं तर त्यासाठीच हे उत्तर लिहायला घेतलं.

ट्रक विमानतळात शिरला नव्हता. तो बीड रोडवर होता. हा रस्ता धावपट्टीच्या टोकाबाहेरून जायचा आणि रोज शेकडो गाड्या तिथून धावायच्या. आम्हीही बैलगाडी घेऊन गेलोय. त्या दिवशी विमान जवळजवळ पूर्ण धावपट्टी वापरूनच जमिनीवरून उठलं. त्याचं डावं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला तो रस्त्यापासून जेमतेम सात फुटांवर. सात फूट म्हणजे आमच्या ओसरीच्या आढ्याएवढी उंची. तिथून ईशान्येला जवळपास तीन किलोमीटर ते कसंबसं तरंगलं आणि तारांत अडकलं.

विमान पळत पळत ठरलेल्या वेगाला पोचलं की वैमानिक नाक वर उचलतो. याला रोटेशन म्हणतात. ते वेळेत आणि योग्य रीतीने झालं तर विमान धावपट्टी संपण्याआधी चांगलं उंच जातं. एप्रिलच्या दुपारी हवा तापून विरळ झालेली असते, पंखांना आधार कमी मिळतो आणि विमानाला जास्त पळावं लागतं, म्हणजे उशीर करायला जागाच उरत नाही. चौकशीत दोन कारणं निघाली. वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली, हे एक. आणि विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक रोखण्याचं काम संबंधित यंत्रणेने केलं नाही, हे दुसरं. रस्त्यावरून नेहमीसारखा जाणारा ट्रकवाला या दोन्ही कारणांत नाही. त्याला कुणी थांबवलंच नव्हतं.

मला हे कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. इतकी वर्षं आमच्या सबंध पट्ट्यात त्या माणसाला शिव्या घातल्या जात होत्या. यात कुणी मुद्दाम खोटं बोललं असं मला वाटत नाही. रस्ता आमचा, ट्रक आमच्या ओळखीचा, कापूस आमचा. विमान कसं उडतं ते आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून जे माहीत होतं त्यावर खापर फोडलं.

त्या आठवड्यात रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकलेला मी पाहिला होता. गाठींचे ट्रक कायम जातात, बाभळींना कापूस नेहमीच लागलेला असतो. पण त्या वर्षी तो पाहिला की आम्ही बोलणं थांबवायचो.

मग ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली आणि मराठवाड्याच्या बोलण्यातून एप्रिल मागे पडला. आमच्या वस्तीवर मात्र नाही. दुपारचं विमान पुन्हा येऊ-जाऊ लागलं, तरी आईने 'इमान गेलं' म्हणून हाक मारली नाही. सावली बघून बोलवायची.

चौकशीत काय निघालं ते मी दादांना सांगितलं. ते तेव्हा थकले होते, कानानेही कमी ऐकू यायचं, म्हणून मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग विचारलं, "मंग त्या ट्रकवाल्याच्या घरच्यांना कुणी सांगितलं का रं हे?"