तानपुरा लिहून काढता येतो का?

प्रश्न : गिरगावात चाळीतल्या खोलीत आमचं भजनी मंडळ जमतं. जुन्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण केलं की मागे सतत हूंऽऽ ऐकू येतं. फुकटातला उपाय सांगा.

उत्तर : आधी चार्जर काढा आणि बॅटरीवर मुद्रण करून बघा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर 50, 100, 150 अशी पटीत येते आणि बऱ्याचदा चार्जर काढला की जाते. उरलीच तर ‘सॉक्स’ हा आवाज दुरुस्त करायचा फुकट प्रोग्रॅम वापरा. त्यात बटणं नाहीत, टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आज्ञा लिहायच्या. भजनाआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं (मंडळात हेच कठीण!). तो तुकडा सॉक्सला नमुना म्हणून दिला की तो तसला आवाज पूर्ण मुद्रणातून कमी करतो. हात राखून वापरा, नाहीतर टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे वाटतात. रस्त्यावरचा हॉर्न मात्र यानं जाणार नाही, तो नमुन्यात नव्हताच.

प्रश्न : मी मुलुंडला हार्मोनियम शिकवते. ‘सीसाउंड’ या आकडे-आज्ञा लिहून आवाज घडवायच्या प्रोग्रॅममध्ये तानपुरा केला, पण तो अगदी निर्जीव वाजतो. काय चुकतंय?

उत्तर : त्यातली ‘प्लक’ ही तार छेडायची तयार आज्ञा वापरली असणार. छेडलेली तार त्यात छान येते, जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा तो झणझणीत गुंजारव, येत नाही. खऱ्या तानपुऱ्यात तार घोडीच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) किंचित गोलसर पाठीला घासत राहते, म्हणून वरचे स्वर एकामागून एक उमलतात. ते लिहून आणायची युक्ती अशी : एकच षड्ज, उपस्वरांसकट (त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या स्वरांसकट), सात-आठ वेळा एकावर एक ठेवा आणि प्रत्येकात 0.03 हर्ट्झचा फरक करा. शेजारच्या दोन षड्जांची लाट (आवाजाचा चढउतार) सुमारे 33 सेकंदांनी फिरते, पण त्यांच्या दहाव्या उपस्वराची साडेतीन सेकंदांच्या आतच. प्रत्येक उपस्वर आपापल्या वेळी वर येतो आणि बुडतो. जवारी हुबेहूब होत नाही, पण जीव येतो.

दुसरी शंका तुमच्या आकड्यांची. हार्मोनियमच्या तक्त्यातून घेतले असाल तर काळी एकचा षड्ज 277.18 हर्ट्झ आणि पंचम 415.30. शुद्ध पंचम म्हणजे षड्जाची दीडपट, 415.77. फरक जेमतेम अर्ध्या हर्ट्झचा, तरी संथ लाट ऐकू येते. गंधाराचं अंतर मोठं : पेटीचा 349.23, शुद्ध 346.48. तानपुऱ्यात गंधाराची तार नसते, पण षड्जाच्या पाचव्या उपस्वरातून तो आपोआप ऐकू येतो, आणि तो शुद्धच असतो. पेटीचा गंधार त्याच्याशी भांडतो तो यामुळे. सीसाउंडमध्ये आकडा तुम्हीच लिहिता, तेव्हा ‘1.5’नं गुणा आणि तक्ता मिटून ठेवा. अमेरिकेच्या एमआयटीतल्या बॅरी व्हर्को यांनी 1980च्या दशकात सीसाउंड केलं, पण श्रुतींची सोय आपल्यासाठीच केल्यासारखी आहे.

प्रश्न : दादरहून विचारते, अकरा वर्षांच्या मुलीला अशा लिहून वाजवायच्या प्रोग्रॅमपैकी काय द्यावं?

उत्तर : ‘सोनिक पाय’. सॅम एरन यांनी ते मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलं आहे. चालू लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) न थांबवता बदलता येतो. रूपक तालाच्या सात मात्रा लिहायला सांगा. पहिल्या दिवशी ती आठ लिहील. ऐकू द्या तिला.

प्रश्न : संगणकावर ध्वनिमुद्रण करताना हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतो.

उत्तर : प्रोग्रॅमच्या सेटिंगमधला बफर (संगणक एका वेळी आवाजाचे जितके नमुने साठवून पुढे देतो तो आकडा) 1024वरून 256 करा. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या दरानं एका बफरचा उशीर 23 मिलिसेकंदांवरून सहाच्या आत येतो. आवाज तुटायला लागला तर 512वर थांबा.