तुझ्या प्रयोगाचा आराखडा वाचल्यावर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा काल रात्री दोनदा वाचला. पडद्यावर दोन खाऊंचे फोटो, समोरच्याने त्यातला एक निवडायचा आणि तोवर आय ट्रॅकरने त्याची नजर टिपायची, ही मांडणी मला मनापासून आवडली. पण ज्या वाक्यावर सगळं उभं आहे तिथेच मी अडले: ‘माणूस आवडत्या वस्तूकडे जास्त वेळ पाहतो, म्हणून नजरेवरून आवड मोजता येईल.’ त्या ‘म्हणून’पाशी जरा थांब.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलो होतो. गादीवरचे काका एकामागून एक घड्या मोडत होते. तासाभरात साड्यांचा ढीग झाला. बाकीच्या ते बाजूला सारत होते, पण एका मोरपंखी साडीचा पदर त्यांनी भाचीच्या गुडघ्यावर तसाच पसरून ठेवला होता. नवीन साडी बघून झाली की तिची नजर परत त्या पदरावर यायची. शेवटी तीच घेतली. आता सांग, आवडली म्हणून नजर तिथे जात होती, की जात राहिली म्हणून आवडली? मी अगदी शेजारी बसून बघत होते, तरी मला सांगता येणार नाही. भाचीलाही नाही.

2003 साली अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठात शिन्सुके शिमोजो यांच्या गटाने चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून हेच विचारलं. निर्णयाची वेळ जवळ येईल तशी नजर निवडल्या जाणाऱ्या चेहऱ्याकडे झुकत गेली. इथेच थांबले असते तर तुझं वाक्य खरं ठरलं असतं. पण त्यांनी पुढे पाहण्याचा वेळ आपल्या हातात घेतला. एक चेहरा दर वेळी 900 मिलिसेकंद, दुसरा 300. जास्त वेळ दिसलेला चेहरा जास्त वेळा निवडला गेला. म्हणजे नुसत्या पाहण्यानेही पारडं झुकतं.

2010 मध्ये क्राइबिख, आर्मेल आणि रांगेल यांनी याचं गणित मांडलं. मेंदू दोन्ही बाजूंचा पुरावा क्षणाक्षणाला गोळा करत जातो आणि एका बाजूची आघाडी ठरावीक रेषेला पोचली की निवड होते. मात्र ज्या खाऊवर त्या क्षणी नजर आहे त्याचं मोल पूर्ण धरलं जातं आणि दुसऱ्याचं साधारण तीन दशांशच. हा पेपर आकृत्यांसकट, वही घेऊन वाच. घाईने वाचण्यातला नाही.

आता उलटी बाजू. जॉन्स हॉपकिन्समध्ये अँडरसन, लॉरेंट आणि यांटिस यांनी (2011) लोकांना आधी लाल किंवा हिरवं वर्तुळ शोधायला लावलं. एका रंगाला बहुतेक वेळा जास्त पैसे, दुसऱ्याला कमी. नंतर पैसे बंद केले, रंगांचा कामाशी संबंध उरला नाही, शोधायचा होता फक्त वेगळा आकार. तरीही पूर्वी जास्त पैसे दिलेला रंग पडद्यावर कुठे असला की लोक रेंगाळायचे. म्हणजे बक्षीस नजरेला वळण लावतं आणि नजर निवडीला. तुझ्या आराखड्यात या दोन्ही दोऱ्या एकाच गाठीत अडकल्या आहेत.

ही गाठ तुझ्या एकटीची नाही. 1999 मध्ये प्लॅट आणि ग्लिमशर यांना माकडाच्या मेंदूतल्या पॅरिएटल (वरच्या-मागच्या) भागातल्या चेतापेशी, बक्षीस म्हणून जास्त रस प्यायला मिळण्याच्या आशेने जास्त चेतताना दिसल्या. त्यावर 2004 मध्ये जॉन मॉनसेल यांनी विचारलं, की हे बक्षीस आहे की अवधान, म्हणजे लक्ष? अवधानाच्या प्रयोगातही माकडाला ‘इकडे लक्ष दे’ हे रस देऊनच शिकवतात. मग एकाच्या नावाने मोजलेलं दुसरं कशावरून नसेल? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी जास्त बक्षिसाचं चित्र कायम डावीकडे ठेवलं होतं. आपले डोळे आधी डावीकडे जातात, हे लक्षातच आलं नाही. आठ महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं. तुझ्या आराखड्यात चौथ्या पानावर डावी-उजवी बाजू ठरलेली दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. ती आधी बदल.

मग प्रत्येक खाऊला आवडीचे गुण निवडीआधीच, वेगळ्या दिवशी घे. कोणता फोटो किती वेळ दिसेल हे सहभागीवर सोडू नकोस, चिठ्ठ्या टाकून तू ठरव. आणि चकली-काजूकतलीबरोबर मुद्दाम नावडते पदार्थही ठेव. पाहण्याने निवड नुसतीच वाढत असेल, तर जास्त वेळ दिसलेलं कारलंही जास्त निवडलं जाईल. पण 2008 मध्ये आर्मेल आणि सहकाऱ्यांना नावडत्या पदार्थांत उलटं दिसलं: जास्त वेळ दाखवला की तो कमी निवडला गेला. म्हणजे नजर गोडाचं गोडपण वाढवते, तसं कडूचं कडूपणही. तुझ्याकडे हे दिसतं का, हे बघायला मी फार उत्सुक आहे.

गुरुवारी दुपारी यंत्र मोकळं आहे. नव्या फेऱ्यांचा तक्ता बुधवारपर्यंत पाठव, आणि सहभागींना आधीचे तीन तास काही न खाता यायला सांग.

तुझी,
मॅडम