एकाच बागेतली, एकाच वाणाची रेड वाईन दरवर्षी वेगळी का लागते? त्या वर्षीच्या हवामानाचा तिच्याशी नेमका काय संबंध?

‘ऊन भरपूर पडलं म्हणजे वर्ष चांगलं’ असं सरसकट सांगितलं जातं, पण एवढ्यावर विसंबून राहू नका. हंगामात एकूण किती ऊन आणि किती पाऊस झाला, यापेक्षा त्या वेळी वेल कोणत्या अवस्थेत होती हे जास्त महत्त्वाचं. ५० मिलिमीटर पाऊस फुलोऱ्याआधी जमिनीत मुरला तर वेलीला उपयोगी पडतो. तोच फुलोऱ्यात आला तर घड विरळ होतात आणि काढणीच्या आठवड्यात आला तर मणी तडकतात. त्यामुळे उत्तर वेलीच्या वेळापत्रकानुसार देतो.

दिवसरात्रीचं सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावलं की वेलीचे डोळे (काडीवरचे अंकुर) फुटतात. या काळातला मोठा धोका गोठलेल्या दंवाचा. कोवळी फूट उणे १-२ अंशांतच करपते. फ्रान्सच्या बोर्डो या वाईनप्रदेशात एप्रिल २०१७ मध्ये असंच झालं. दंवामुळे मुख्य नुकसान होतं ते उत्पादनाचं, चवीवरचा परिणाम आडवळणाने येतो. मुख्य फूट जळाली की राखीव डोळ्यांतून नवी निघते, तिला घड कमी लागतात आणि ते उशिरा पिकतात. मग एकाच ओळीत दोन वयांची द्राक्षं लटकलेली असतात. ती वेगवेगळी तोडली नाहीत, तर पिकलेल्या फळात हिरवट कडवटपणा मिसळतो.

फुलोऱ्याला २० ते २५ अंश तापमान आणि कोरडी हवा हवी. थंडी-पाऊस असेल तर परागीभवन नीट होत नाही. काही फुलं गळतात, काहींचे मणी बारीक आणि बिनबियांचेच राहतात. मर्लो हा काळ्या द्राक्षाचा वाण या बाबतीत विशेष नाजूक. २०१३ मध्ये बोर्डोत मर्लोचं पीक घटलं, त्याचं एक मोठं कारण हेच. खरं तर गळ झाली म्हणून वाईन वाईट होत नाही, घड मोकळे राहिल्याने कधी कधी फायदाच होतो. त्रास होतो तो लांबलेल्या फुलोऱ्याचा. पहिल्या आणि शेवटच्या घडात पंधरा-वीस दिवसांचं अंतर पडलं, तर ते अंतर काढणीपर्यंत बरंचसं टिकतं. शिवाय पुढच्या वर्षीचे घड याच सुमारास काडीवरच्या डोळ्यांत आकार घेतात. म्हणजे यंदाच्या गार, ढगाळ फुलोऱ्याची किंमत पुढच्या वर्षीही मोजावी लागू शकते.

फळधारणेपासून मण्यात पाणी उतरेपर्यंतचे, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरेपर्यंतचे, साधारण दोन महिने रेड वाईनसाठी फार मोलाचे. पण वर्षाची चर्चा करताना नेमका हाच काळ लोक विसरतात. बहुतेक काळ्या वाणांत गर जवळजवळ बिनरंगी असतो. रंग सालीत असतो, टॅनिन (जिभेला तुरट लागणारा घटक) सालीत आणि बियांत. मणी जितका लहान, तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त. फळधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मण्यातल्या पेशी वाढत असतात. त्या वेळी पाण्याचा हलका ताण बसला, तर मणी कायमचा लहान राहतो, नंतर पाणी देऊन तो भरून निघत नाही. ताण पुरेसा आहे का, हे शेंडे सांगतात. पाणी उतरताना शेंड्यांची वाढ थांबलेली हवी. शेंडा अजून जोमात धावत असेल तर साखर पानाफांद्यांकडे वळते, घडांवर सावली पडते आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉ आणि त्याच्या कुळातल्या वाणांतला ढोबळी मिरचीसारखा वास देणारा पायराझिन लवकर कमी होत नाही.

ताण जास्त झाला तरी पंचाईत. बुडाकडची पानं पिवळी पडून गळतात, पानांची रंध्रं बंद होतात आणि साखर तयार होणं थांबतं. त्यानंतर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) वाढताना दिसला तरी तो बहुधा मणी सुकल्यामुळे वाढतो, फळ पिकल्यामुळे नव्हे. अशा वाईनमध्ये अल्कोहोल चढं असतं आणि टॅनिन मात्र जिभेला खरखरीत, कच्चं लागतं.

इथे जमिनीचाही हिशेब येतो. चिकण माती पाणी धरते, गोटेरी जमीन सोडून देते. म्हणून कोरड्या वर्षी चिकण मातीतल्या बागा तग धरतात आणि ओल्या वर्षी गोट्यांवरच्या बागा बाजी मारतात. एका वर्षासाठी अख्ख्या प्रदेशाला एकच गुण देणारे तक्ते मला म्हणूनच ढोबळ वाटतात.

मण्यात पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत साधारण सहा-सात आठवडे जातात. या काळात मण्यात दोन घड्याळं चालू असतात. एक साखर-आम्लाचं, दुसरं रंग-टॅनिन-सुगंधाचं. हवामान त्यांना जुळवतं किंवा एकमेकांपासून तोडतं. उष्णतेने पहिलं घड्याळ पळतं. साखर चढते (लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल, २४ ब्रिक्सला साधारण साडेतेरा ते चौदा टक्के) आणि मॅलिक आम्ल श्वसनात जळून जातं. रात्रीही उकाडा असेल तर ते आणखी झपाट्याने घटतं. टार्टारिक आम्ल मात्र बरंचसं टिकतं. दुसरं घड्याळ तेवढं पळत नाही. तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की सालीत रंग तयार होणं मंदावतं आणि झालेलाही तुटू लागतो. दिवसा २५ ते ३० अंश आणि रात्री १५ च्या आसपास मिळालं, तर दोन्ही घड्याळं जवळजवळ बरोबर चालतात.

दोन ऊनवाली वर्षं शेजारी ठेवून पाहा. २००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेत काढणी विलक्षण लवकर झाली, आम्ल इतकं घटलं की एरवी मनाई असलेल्या भागांतही ते मिसळायला खास परवानगी द्यावी लागली. बऱ्याच वाईन सुरुवातीला गोडसर, भरघोस लागल्या आणि लवकर थकल्या. २०१० चं बोर्डोही कोरडं होतं, पण रात्री गार होत्या. साखर, टॅनिन आणि आम्ल तिन्ही एकत्र वर राहिले, म्हणून त्या वर्षाच्या वाईन वर्षानुवर्षं ठेवण्यासारख्या ठरल्या.

काढणीच्या तोंडावरच्या पावसाने ब्रिक्स काही दिवसांत एक-दोन अंकांनी उतरू शकतो. नंतर कोरडा वारा सुटला तर तो सावरतो. खरी भीती कुजीची. बॉट्रायटिस बुरशीतलं लॅकेज हे विकर रंग तपकिरी करतं आणि रेड वाईनची साठवणच धोक्यात येते. म्हणून कूज दिसली की पिकण्याची वाट न बघता तोडावं लागतं. २०१३ ला बोर्डोत अनेकांवर हीच वेळ आली. पातळ, आंबटसर वर्षामागे बहुधा असा घाईचा निर्णय असतो.

२०१८ चं बोर्डो याच्या उलट. जुलैच्या सुरुवातीपर्यंत पाऊस आणि केवडा या बुरशीच्या रोगाचा (डाऊनी मिल्ड्यू) कहर, काही बागांचं पीक जवळजवळ गेलं. पुढे काढणीपर्यंत ऊन आणि कोरडी हवा. जे घड वाचले त्यांची वाईन उत्तम निघाली.

वाईनरीत किती दुरुस्त करता येतं, हा ओघाने येणारा प्रश्न. साखर कमी असेल आणि कायदा परवानगी देत असेल तर आंबवताना साखर घालतात. आम्ल कमी असेल तर टार्टारिक घालतात, लिटरला १ ग्रॅमने पीएच साधारण ०.१ ने उतरतो. रस पातळ असेल तर आंबण्याआधी १० ते १५ टक्के रस काढून घेतात, म्हणजे सालीचं प्रमाण वाढतं. कुजके आणि हिरवे मणी निवडून टाकणं हा यातला सर्वांत प्रामाणिक उपाय, आणि सर्वांत महागही, कारण तेवढं पीकच कमी होतं. कच्चं टॅनिन मात्र पिकवता येत नाही. साली कमी दिवस भिजवून ते कमी उतरवता येतं, इतकंच.

एखादं वर्ष स्वतः तपासायचं असेल तर महिन्याच्या सरासऱ्या बाजूला ठेवून रोजच्या नोंदी घ्या. फुलोऱ्याच्या पंधरवड्यातलं तापमान व पाऊस बघा, त्यानंतर पाणी उतरेपर्यंतचा पाऊस, मग ३५ अंशांवरचे दिवस व रात्रीचं किमान तापमान, आणि शेवटी काढणीआधीच्या तीन आठवड्यांतला पाऊस. ठिबकवरच्या बागेत दुसऱ्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण तिथे ताण माणूस ठरवतो. आणि हे सगळं वाणानुसार वेगळं मांडा. मर्लो कॅबर्ने सॉव्हिन्यॉच्या आधी पिकतो, त्यामुळे पाऊस या दोघांच्या काढणीच्या मध्ये आला तर एकाच बागेत, एकाच वर्षी मर्लो उत्तम आणि कॅबर्ने पाणचट निघू शकतो.